शंभर कोटी रंग

आमचे परुळेकर भाऊजी कॉम्प्युटरच्या दुकानात जाताना खिशात हळदीकुंकवाचा करंडा नेतात.

लग्नाचे व्हिडिओ बनवणारा माणूस दुकानात पेनड्राइव्ह नेईल, फार तर एखादी जुनी वायर नेईल. भाऊजी तेही नेतात, पण आधी करंडा. मॉनिटरसमोर उभं राहायचं, चष्मा कपाळावर चढवायचा, करंड्याचं झाकण उघडायचं आणि तो स्क्रीनला जवळजवळ टेकवून धरायचा. लॅमिंग्टन रोडच्या एका दुकानदाराला वाटलं, हे नव्या मशीनची पूजा करताहेत. त्या बिचाऱ्याने चपला काढून हात जोडले.

"अहो, पूजा नाय," भाऊजी म्हणाले. "हळद हळदीसारखी दिसाक व्हयी. बाकी तुमचा पिक्सेल मागाहून."

हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. भाजीवाल्याशीसुद्धा मी बोट दाखवून बोलते, आणि मी त्यांच्याबरोबर मॉनिटर निवडायला गेले होते! अजून खरं वाटत नाही.

डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर आमच्या भिंतीला लागून त्यांची खोली. वय पासष्ट. उंच, काटकुळे, शर्ट कडक इस्त्रीचा. आधी ते एका फोटो स्टुडिओत होते. मग स्वतःचा व्हिडिओ कॅमेरा घेतला. कॅसेट गेली, सीडी आली, सीडी गेली, आता एचडी आणि फोर-के आलं. भाऊजी प्रत्येक वेळी नवं शिकले. आमच्या चाळीत लग्न ठरलं की आधी हॉल बघायचा आणि मग भाऊजींची तारीख घ्यायची, अशीच रीत होती.

व्हिडिओ कापून, जोडून, गाणी घालून झाला की शेवटी कॉम्प्युटर तो सगळा एकत्र शिजवतो. त्याला रेंडर म्हणतात. चाळीतल्या शेंबड्या पोरालाही हा शब्द माहीत आहे. कारण रेंडर सुरू झाला की भाऊजी गॅलरीत येतात आणि ओरडतात, "रेंडर चालू हाऽऽ! मिक्सर बंद!"

आमच्याकडे वीज जरा नाजूक आहे. दोन मिक्सर आणि एक इस्त्री एकदम लागली की दिवे मिचमिचतात आणि भाऊजींचा कॉम्प्युटर मान टाकतो. त्यामुळे त्यांची हाक आली की आम्ही बायका वाटण अर्धवट सोडून बसतो. एकदा समोरच्या शिंदे आजींनी अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर चटणी फिरवली. भाऊजी त्यांच्या दारात जाऊन नुसते उभे राहिले. आजी घाबरून म्हणाल्या, "मेल्या, शिव्या तरी घाल! असा मयताला आल्यासारखा उभा नको राहू."

गेल्या वर्षी त्यांनी नवा कॉम्प्युटर जुळवायला घेतला. जुळवायला म्हणजे अख्खा आणायचा नाही, एकेक भाग निवडून आणायचा. प्रत्येक भाग आला की गॅलरीत पेढे. "बत्तीस जीबी आली!" म्हणून पेढा शिंदे आजींच्या हातावर ठेवला तर आजी म्हणाल्या, "वा वा, लक्ष्मी आली घरात. कोणाला झाली?"

मला मात्र त्यांनी सगळं नीट समजावलं होतं. मी चौथी शिकलेली, पण त्यांनी सांगितलेलं मला अजून पाठ आहे.

"वहिनी, प्रोसेसर म्हणजे आचारी. रॅम म्हणजे ओटा. आचारी कितीही हुशार असूदे, ओटा वीतभर असला तर परात ठेवणार कुठे? हार्डडिस्क म्हणजे फडताळ. जुनी डिस्क म्हणजे माळ्यावरचं फडताळ, दर वेळी शिडी लावा. ही नवीन डिस्क म्हणजे हाताशी मांडणी, हात घातला की डबा!"

"आणि ते मोठं कार्ड?" मी दाराआडून विचारलं.

"ग्राफिक कार्ड! ती मदतीला आलेली जाऊ. सगळी चिराचिरी तिच्याकडे. फोर-केमध्ये एकेका सेकंदात चित्रं किती, एकेका चित्रात ठिपके किती! एकटा आचारी मरून जाईल." मग त्यांनी आवाज खाली आणला. "पण वहिनी, जेवण कितीही चांगलं झालं तरी ताट मळकं असेल तर? मॉनिटर म्हणजे ताट. तो अजून यायचाय. आता दहा बिटचे येतात. शंभर कोटी रंग, वहिनी! शंभर कोटी!"

हे शंभर कोटी म्हणताना त्यांचा चेहरा लहान मुलासारखा व्हायचा. दुकानातून आणलेला मॉनिटरचा रंगीत कागद ते शर्टाच्या खिशात ठेवायचे, देवाच्या फोटोसारखा.

त्यांच्या टेबलासमोर एक खुर्ची होती आणि खुर्चीच्या उजव्या हाताला एक स्टूल. स्टुलावर एक चपटी झालेली उशी. ती नलूताईंची जागा. नलूताई म्हणजे त्यांची बायको. भाऊजी व्हिडिओ करायला बसले की नलूताई शेजारी वालाची बिरडी सोलत बसायच्या. मधेच मान वर करून "हं" म्हणायच्या, "नको" म्हणायच्या, पुन्हा सोलायच्या. आम्हाला वाटायचं, नवऱ्याशिवाय करमत नाही हिला. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात चार दिवसांच्या तापाने त्या गेल्या. त्यानंतर त्या स्टुलावर कोणी बसायला गेलं की भाऊजी म्हणायचे, "थंय नको. मोडलाय तो." स्टूल धडधाकट होता.

नलूताई गेल्यावर भाऊजींच्या व्हिडिओचं काहीतरी बिनसलं. तिसऱ्या मजल्यावरच्या लग्नात नवरदेव असा दिसला की त्याच्या सासूने फोन करून विचारलं, "जावयांना कावीळ होती तर सांगायचं नाही का?" शिवडीच्या एका गिऱ्हाइकाने अख्खा व्हिडिओ परत आणून दिला. नवरी हिरवट, पंगत हिरवट, भटजीसुद्धा हिरवे. चाळीतली पोरं भाऊजींच्या मागे "पोपटाचं लग्न" म्हणू लागली. लोक म्हणाले, म्हाताऱ्याचं मन लागत नाही. भाऊजी म्हणाले, मॉनिटर जुना झाला.

त्यांचं घरातलंही तसंच चाललं होतं. बाजारातून टोमॅटो आणायचे तर अर्धे कच्चे. पायात एक मोजा तपकिरी, एक हिरवा. एकट्या पुरुषाचं असंच होतं म्हणून आम्ही हसून सोडून दिलं. एकदा त्यांचा शर्ट वाऱ्याने उडून आमच्या दोरीवर आला. घडी घालताना बघते तर कॉलरच्या आतून पांढऱ्या दोऱ्याच्या तीन बारीक गाठी. धोब्याची खूण असेल म्हणून मी तो दाराच्या कडीला अडकवून आले.

अशात माझ्या मंजूचं लग्न ठरलं.

"आई, काकांना सांगू नकोस हं," मंजूने बजावलं. "मला पोपट नाही व्हायचं."

मी "बरं" म्हटलं. त्याच संध्याकाळी भाऊजी दारात आले. नवीन शर्ट, हातात तारखेची वही. "मंजूच्या लग्नाची तारीख लिवून घेतलंय. माझ्या मांडीवर वाढलेली पोर ती. पैशाचं नाव काढायचं नाय." मला नाही म्हणता आलं नाही. आजवर मला कोणालाच नाही म्हणता आलेलं नाही. मंजू दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

लग्न झालं. भाऊजींनी चित्रं छान घेतली होती, त्यात शंका नाही. मंजू सासरी वडाळ्याला गेली. तिच्या सासूबाईंनी ठरवलं की श्रावणात सत्यनारायणाची पूजा घालायची, सगळे नातेवाईक बोलवायचे आणि मोठ्या टीव्हीवर लग्न दाखवायचं. दर रविवारी त्यांचा फोन. "विहीणबाई, व्हिडिओ झाला का?" मी म्हणायचे, "होतोय, होतोय."

भाऊजींनाही धाकधूक होतीच. ते मला म्हणाले, "वहिनी, हा शेवटचा. मंजूचा नीट झाला तर ऱ्हवतंय. नाय तर मशीन विकून टाकतंय आणि जातंय गावाक भावाकडे. माणसानं लोकांची लग्नं बिघडवत जगू नये."

मला ते गावी गेलेले नको होते. बावीस वर्षांचा शेजार. त्या भिंतीपलीकडे खोकला ऐकू आला नाही तर मला झोप लागणार नाही.

एक दिवस त्यांना मसाला द्यायला गेले. मी लालबागच्या मिरची गल्लीत मिरच्या निवडायला जाते. देठ काढायचे, बेडगी वेगळी, संकेश्वरी वेगळी, काश्मिरी वेगळी, गेल्या वर्षीची काळवंडलेली बाजूला. दिवसभर लाल बघायचं. कोणता लाल बेडगीचा, कोणता लाल रंग मारलेला, हे माझ्या डोळ्यांना आपोआप कळतं. तर भाऊजींच्या स्क्रीनवर मंजूचा शालू दिसत होता आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं बाई, हे तर मिरचीपुडीत विटेचा भुगा घातल्यासारखं दिसतंय."

बोलले आणि जीभ चावली. भाऊजी खुर्चीसकट वळले.

"तुमका दिसता?"

"काय?"

"विटेचा भुगा! कुठे? किती? खूप की थोडा?" ते उभे राहिले, पुन्हा बसले, पुन्हा उभे राहिले. "वहिनी, उद्या सुट्टी घ्या. मॉनिटर घ्यायला जाऊ. तुमचे डोळे आणि माझा करंडा. आणि हे बघा, मिरच्या घेऊन या. शालूच्या रंगाची मिरची पाहिजे. ताजी, ओली. एक हिरवीपण आणा, चुड्यासाठी."

आमचे हे म्हणाले, "तू? कॉम्प्युटर घ्यायला?" आणि चहा सांडेपर्यंत हसले. त्या हसण्यामुळेच मी गेले.

दुसऱ्या दिवशी बसने निघालो. माझ्या पिशवीत रुमालात बांधलेल्या दोन मिरच्या. एक पिकून लालबुंद झालेली, एक हिरवीगार, दोन्ही एकाच आकाराच्या. भाजीवाल्याकडे बोट दाखवून अर्धा तास निवडल्या होत्या. भाऊजी बसमध्ये अनोळखी माणसांना शंभर कोटी रंग सांगत होते. पुढच्या सीटवरच्या बाईने लॉटरीचं समजून तिकीट कुठे मिळतं ते विचारलं.

पहिल्या दुकानात चपला काढणारा दुकानदार. दुसऱ्या दुकानातला मॉनिटर वाकडा होता, म्हणजे मुद्दाम कमानीसारखा वळवलेला. भाऊजी म्हणाले, "ह्यो खेळ खेळणाऱ्यांचा. ह्याच्यावर मांडवाचे सरळ खांब मला केळीच्या पानासारखे दिसतील." तो नको. मग एक चकचकीत काचेचा. त्यात हळदीपेक्षा भाऊजींचं टक्कल जास्त दिसत होतं. तोही नको. दुकानदार घामाघूम, भाऊजी ताजेतवाने. मलाही मजा वाटायला लागली होती. इतके पडदे, त्यांच्यात इतके समुद्र, पोपट, फुलं, आणि हा माणूस त्या सगळ्यांसमोर करंडा धरून निवाडा करतोय!

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली. करंडा स्क्रीनजवळ धरला की भाऊजी स्क्रीनकडे बघायचेच नाहीत. ते दुकानदाराच्या तोंडाकडे बघायचे. "कसा वाटतो? हां? सेम टू सेम?" मला वाटलं, माणूस खरा की खोटा ते पारखत असतील.

तिसरं दुकान एका कच्छी काकांचं. ते फोनवर बोलत होते. त्यांनी हातानेच दोन मॉनिटर दाखवले, शेजारी शेजारी. एक चांगला हातभर रुंद, दुसरा त्याहून लहान. भाऊजींनी पेनड्राइव्ह लावला आणि दोन्हींवर मंजूची हळद सुरू झाली.

मोठ्या मॉनिटरवर चित्र उमटलं आणि भाऊजींनी श्वास धरला.

"वहिनी! पापण्या बघा! एकेक पापणी! नाकावरचा हळदीचा कण बघा, रवा दिसतो रवा! हे तुमचं बोट. हळदीच्या पातेल्यात घातलेलं बोट, नखसुद्धा. हाच! हाच ह्यो! पॅक करा!"

खरंच, इतकं स्पष्ट मी मंजूला समोर बसवूनसुद्धा पाहिलं नव्हतं. पण ती हिरवी होती. कपाळ हिरवट, गालावर शेवाळ, आणि हळद कच्च्या कैरीच्या रंगाची. शेजारच्या लहान स्क्रीनवर तीच मंजू, तोच क्षण, आणि ती मंजूच होती. हळद ओली, पिवळी, गाल तांबूस. लहान मुलालाही फरक कळला असता.

मला वाटलं, भाऊजी आता थट्टा केली असं सांगतील. ते खिसे चाचपत होते.

कच्छी काका अजून फोनवर. मंजूची सासू, मोठा टीव्ही, सत्यनारायण, सगळं माझ्या डोळ्यांपुढे आलं. बोलायला हवं होतं. पण दुकानात, परक्या माणसासमोर कसं बोलायचं! म्हटलं, शालू लावून दाखवू, त्यांचं त्यांनाच कळेल. मी रुमाल सोडून मिरच्या काउंटरवर ठेवल्या, त्यांच्या हाताशी. स्क्रीनवर आता शालू आला होता.

"भाऊजी, ती लाल मिरची द्या जरा."

भाऊजींचा हात पुढे आला आणि मिरच्यांवर थांबला. इकडची की तिकडची. त्यांनी एक उचलून नाकाशी नेली, ठेवली, दुसरीच्या देठाला हात लावला. मग हसून, ऐटीत, एक माझ्या तळहातावर ठेवली.

हिरवी.

कच्छी काकांनी फोन ठेवला होता. ते मोठ्याने हसले. "चाचा, मजाक अच्छा करते हो!"

भाऊजीही हसले. पण ते माझ्या तोंडाकडे बघत होते, दिवसभर दुकानदारांच्या तोंडाकडे बघत होते तसे. आणि माझ्या तोंडावर जे काही होतं ते त्यांनी वाचलं. हसू ओठांवर तसंच राहिलं आणि डोळ्यांतलं निघून गेलं.

माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर जाऊन बसली. कच्चे टोमॅटो. मोजे. कॉलरमधल्या गाठी. नलूताईंचं "हं" आणि "नको". वाल सोलायला कोणी एवढी वर्षं स्क्रीनसमोर बसतं का!

मी मिरची मुठीत धरली. दुकानात मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने बोलले. "हा नको. शेजारचा घ्या."

"लहान हा त्यो," भाऊजी पुटपुटले.

"लहान आहे, पण खरा आहे."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी कच्छी काकांकडे वळून अगदी हळू विचारलं, "ह्याच्यात पण शंभर कोटी आहेत ना?"

"हां चाचा, उतना ही. और वो बडेवाले की सेटिंग किसीने बिगाड के रखी है, मैं बोलनेवाला ही था."

येताना टॅक्सी केली. मॉनिटरचं खोकं दोघांच्या मध्ये, बारशाच्या बाळासारखं. मी एका बाजूने धरलं होतं. एका सिग्नलला टॅक्सी थांबली तेव्हा भाऊजी समोर बघत म्हणाले, "वरचा लाल, खालचा हिरवा. ह्या पाठ आसा माका. उद्या सरकारने उलटे लावले तर मेलंय."

मी खोकं जरा माझ्याकडे ओढून घेतलं.

"स्टुडिओत ब्लॅक अँड व्हाइट होतं तोपर्यंत मी राजा होतो, वहिनी. माझ्यासारखी प्रिंट कोणाची नाय. मग कलर आला. पहिलाच अल्बम मालकाने तोंडावर फेकला. मी घरी येऊन नलूला सांगितलं, मुलगी बघायला आलो तेव्हा तू लाल नेसलीस की हिरवी ते मला अजून माहीत नाय. म्हटलं, आता ही रडणार, बापाला बोलावणार. ती म्हणाली, चला, मी बसते शेजारी. तुम्ही करा, मी सांगते." सिग्नल सुटला. "कोणाला कळू दिलं नाय तिनं. लग्नाचा व्हिडिओवाला, आणि त्याला लाल-हिरवा कळत नाय म्हटल्यावर कोण उभा करणार?"

"मग हा एवढा मॉनिटर कशाला शोधत होता?"

भाऊजींनी खिशातला तो रंगीत कागद चाचपला. "म्हटलं, पूर्वीच्या मशीनमध्ये रंगच कमी असतील. आता शंभर कोटी देतात. त्यातले दोन तरी दिसतील माका."

टॅक्सीवाला आरशातून बघत होता. मी खोकं घट्ट धरलं आणि बाहेर बघत बसले.

मॉनिटर टेबलावर चढला. भाऊजी खुर्चीवर बसले, मी दाराशी उभी. मंजूची हळद सुरू झाली. ते माऊस हलवायचे, थांबायचे. मी दारातून "हं" म्हणायचे. पण दारातून नीट दिसेना. उजेड स्क्रीनवर पडायचा. थोड्या वेळाने भाऊजींनी पायाने स्टूल पुढे सरकवला. माझ्याकडे न बघता.

"मोडलेला आहे ना तो?" मी म्हटलं.

"तुम्ही हलक्या आहात. चालता."

मी बसले. मांडीवर देठ काढायच्या मिरच्यांचं सूप घेतलं, नुसतं बसवत नव्हतं म्हणून. मग दुपारचं काम आटोपून रोज जाऊ लागले. सुरुवातीला माझा आवाजच फुटायचा नाही. पुढे पुढे मीच त्यांना दटावू लागले. "तोंडावर हिरवं आलंय, काढा. अहो, एवढं नाही, आता मंजू टोमॅटो झाली. मागे या. अजून. हां, बस!"

"आता कसा दिसता?" प्रत्येक वेळी ते विचारायचे. नुसतं "चांगलं" चालायचं नाही. लाल म्हणून त्यांना काय कळणार? मग मी सांगायचे, शालू नव्या बेडगीसारखा आहे, झणझणीत नाही, पण भाजीला वास येईल असा. चुडा कोवळ्या कोथिंबिरीचा. विहीणबाईंची साडी शिळ्या आमटीसारखी. त्यावर ते इतके हसले की माऊस खाली पडला.

एकदा मी त्यांच्या नव्या शर्टांची चळत मागून घेतली. "हिरव्याला किती गाठी?"

त्यांनी माऊस सोडला. "हिरव्याला तीन. तपकिरीला दोन. लालाला एक."

मी बसल्या बसल्या कॉलरमध्ये गाठी घालून दिल्या. मोज्यांनाही.

पूजेच्या चार दिवस आधी रेंडर लागला. भाऊजी उठून गॅलरीत गेले. श्वास घेतला. आणि त्यांचा घसाच बसला. महिनाभराची धाकधूक सगळी तिथे येऊन अडकली होती. तोंड उघडत होतं, आवाज नाही. समोर शिंदे आजींनी मिक्सरचं भांडं लावलेलं मला दिसत होतं. तीळकूट करत होत्या.

बावीस वर्षांत त्या चाळीत माझा आवाज कोणी ऐकला नसेल. मी कठड्याला धरलं आणि ओरडले, "रेंडर चालू हाऽऽ! मिक्सर बंद!"

सगळा मजला थांबला. शिंदे आजींच्या हातातून झाकण पडलं. "कोण गं ती?" त्या म्हणाल्या. "अगो, मंजूची आई! हिला तोंड आहे?"

त्या रविवारी वडाळ्याला मोठ्या टीव्हीवर माझी मंजू हळदीत बसली, आणि हळद हळदीसारखी दिसली. विहीणबाईंनी विचारलं, "कुठल्या स्टुडिओतून करून घेतलंत हो?" मंजूने माझ्याकडे बघून नाक मुरडलं आणि मग माझा दंड घट्ट धरला. मामेसासऱ्यांनी तिथल्या तिथे मुलाच्या लग्नासाठी भाऊजींची तारीख मागितली.

हे सांगायला दुसऱ्या दिवशी धावत त्यांच्या खोलीत गेले. भाऊजी खुर्चीवर बसले होते, पाठीला नलूताईंची चपटी उशी घेऊन. आणि स्टुलावर नवीकोरी उशी होती.

"मिरची गल्लीतनं येऊन तुम्ही त्या चपट्या उशीवर, म्हणजे लाकडावरच बसता," ते म्हणाले. "मी स्वतः जाऊन घेतली. दुकानदाराला नाय विचारलं. म्हटलं, एकदा आपल्या मनाने घेऊ." ते माझ्या तोंडाकडे बघायचं टाळत होते, खिडकीकडे बघत होते. "रंग बरा आहे ना?"

उशी पोपटी होती. त्यावर जांभळ्या झालरी आणि वांग्याएवढी लाल फुलं. बघून डोळ्यांत पाणी यावं अशी.

त्या स्टुलावर बसून रंगाच्या बाबतीत मी भाऊजींशी खोटं बोलले ते तेवढंच एकदा.

"अगदी बरोबर आहे," मी म्हटलं, आणि बसले.